पाथरगावचं घरमान

हवामानाच्या अंदाजाला लोक हसतात. घरमानाला हसायची मात्र कोणाची टाप नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी घरमान जाहीर व्हायचं. पुण्याच्या कडेची, घाटापलीकडची, महामार्गाला चिकटलेली सगळी लहान गावं त्यात असायची आणि प्रत्येक गावापुढे एक रंग. हिरवा म्हणजे घरांच्या भावाला चढ, पिवळा म्हणजे वारा पडलेला, विटकरी म्हणजे उतार. टपरीवर पूर्वी पाऊसपाण्याच्या गप्पा व्हायच्या, आता ह्याच्या. "वडजी हिरवी झाली म्हणे." "होणारच की, मेट्रो आली त्यांच्या दारात." "आणि कानेवाडी?" "पिवळी. पण जीव धरून आहे." मग सगळे चहाकडे बघत बसायचे, कारण पाथरगाव सलग दोन महिने विटकरी होतं.

तिसऱ्या महिन्याचा सोमवार उजाडला तेव्हा हर्षदा फडतरे गाडीत होती. चालवत नव्हती, शिकवत होती. 'हर्षदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल' ह्या पाटीने गावाची लेकरं मोठी होताना पाहिली आहेत. पुण्यात गाड्या आपोआप चालायला लागल्या ते खरं, पण घाटातल्या धुक्यात आणि आठवडी बाजाराच्या गर्दीत त्या शहाण्या गाड्या मध्येच थबकतात आणि मागचे लोक त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यामुळे हर्षदाचा धंदा बरा चालायचा. बाईचा आवाजही असा, की स्टँडवर बोलली तर मारुतीच्या देवळात ऐकू यावं. त्या दिवशी तिच्या शेजारी आरोग्य केंद्रातली नवी नर्स बसली होती, रिव्हर्स शिकत.

"आरशात बघ गं! आरसा काय टिकली लावायला दिलाय?" हर्षदा ओरडली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

घरमानाचा निरोप होता. आधी गाव: पाथरगाव, विटकरी. मग आळी: सुतार आळी, गडद विटकरी. मग घर. प्रत्येक मालकाला त्याच्या घराचा कल कळवायचे, म्हणजे येत्या सहा महिन्यांत हे घर मालकाच्या हातून सुटेल याची शक्यता शंभरात किती. फडतऱ्यांच्या घरापुढे आकडा होता त्र्याण्णव.

"ब्रेक!" हर्षदा किंचाळली. नर्सने घाबरून ब्रेक दाबला. गाडी तर आधीच उभी होती.

हर्षदा घरी पोचली तेव्हा तिचा नवरा धनंजय पडवीत बसून कुणाची तरी पाण्याची मोटार उघडत होता. हा माणूस दिवसाकाठी मोजकेच शब्द बोलतो, उरलेले कुठे साठवतो देव जाणे.

"अहो, कोणाशी बोललात?"

"कशाबद्दल?"

"घराबद्दल! त्र्याण्णव टक्के सुटणार म्हणतंय. मी तर कोणाला शब्द दिला नाही. मग राहिलं कोण? त्या भूछत्रवाल्यांना भेटलात ना तुम्ही? खरं सांगा, माझी शपथ आहे!"

भूछत्र ही घरं विकत घेणारी कंपनी. जिथे घरमान विटकरी, तिथे हिची माणसं दुसऱ्या दिवशी हजर. नाव ठेवणाऱ्याने अगदी विचार करून ठेवलं होतं.

धनंजयने पाना खाली ठेवला. "मी कशाला भेटू?"

"मग मशीन काय खोटं बोलतं?"

"मशीन बोलत नाही, ऐकतं. भिंतीवरची डबी ऐकते." तो जरा थांबला. "आणि आपल्या घरात बोलतं कोण?"

हर्षदाने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मी चोरून घर विकतेय?"

"तसं म्हणालो नाही मी."

"पण मनात आलं ना?"

धनंजयने पाना पुन्हा उचलला, आणि तेच तिला फार लागलं. हे घर दोघांनी खोली खोली करून उभं केलं होतं. आधी एक खोली, ओवी झाल्यावर दुसरी, ड्रायव्हिंग स्कूलला गिऱ्हाईक लागल्यावर वरचा मजला. फरश्या कोणत्या घ्यायच्या यावरून दोघं महिनाभर भांडले होते. आणि आता एका आकड्याने असं झालं की तो फोन घेऊन अंगणात गेला की ती खिडकीशी, आणि तिचा फोन वाजला की त्याचा पाना हातातच.

ही डबी म्हणजे काय ते सांगायला हवं. विजेच्या मीटरशेजारी तळहाताएवढी पांढरी डबी असायची. लाइटबिल भरायचं, गॅस नोंदवायचा, डॉक्टरची वेळ घ्यायची, सगळं तिला सांगायचं. बिलात चांगली सवलत मिळत होती, म्हणून गावाने ती हौसेने बसवून घेतली. घरातलं बोलणं बाहेर जाणार नाही असं करारात होतं, आणि खरंच जात नव्हतं. डबी ते आतल्या आत ऐकायची, त्यात विजेपाण्याचा वापर आणि माणसांची ये-जा मिसळायची, आणि सगळ्याचा अर्क काढून एकच आकडा बाहेर पाठवायची, तो कल. अशा लाखो घरांचे कल एकत्र करून घरमान गावाचा पुढचा महिना सांगायचं. सुरुवातीची वर्षं ते इतकं बरोबर आलं की बँका त्याच्याकडे बघून कर्ज देऊ लागल्या आणि एसटीवाले गाड्यांच्या फेऱ्या ठरवू लागले.

पण हवामानात आणि घरमानात एक फरक आहे, आणि तो कोणीच नीट ध्यानात घेतला नाही. उद्या पाऊस पडेल असं सांगितलं म्हणून ढग धावत येत नाहीत. ढगांना बातम्या ऐकू येत नाहीत. माणसांना येतात. गाव विटकरी झालं की बँक हात आखडता घेते, कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून ज्याला नड आहे तो पडेल त्या भावाला विकतो, आणि तो भाव पुढच्या महिन्याच्या हिशेबात जाऊन बसतो. गाव आणखी विटकरी. बघा, अंदाज खरा ठरला, असं घरमानची कंपनी छाती फुगवून सांगायची. अंदाजानेच स्वतःला खरं करून घेतलं, हे सांगायला जी माणसं हवीत, ती तोवर गाव सोडून गेलेली असायची.

आळीच्या तोंडाशी इक्बाल तांबोळींचं किराणा दुकान आहे. हर्षदा तिथे रवा घ्यायला गेली तर इक्बालभाई तोंड पाडून बसलेले.

"वहिनी, नोटीस आली. तीन महिने भरले आपले."

"कसले तीन महिने?"

"कल-संमती म्हणतात त्याला. आळीतल्या चारांपैकी तीन घरांचा कल सलग तीन महिने विक्रीकडे दिसला, की ती सगळ्या आळीची संमती धरतात. आळी भूछत्रच्या ताब्यात जाणार आणि इथे टॉवर येणार. आपल्याला घरमानाच्या भावाने पैसे."

"त्या पडलेल्या भावाने?"

"त्याच."

"आणि आपल्याला विचारणार कधी?"

इक्बालभाईंनी चष्मा काढून पुसला. "कल कळल्यावर विचारायचं काय, असं आहे त्यात. हरकत असेल तर महिनाअखेरीला पुनर्रचना कचेरीत सुनावणी."

हर्षदा रवा तिथेच विसरून घरी आली.  रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली.

रविवारी ओवी आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात बाणेरला नोकरी करते, आणि कुठे, तर घरमानच्याच कंपनीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या डब्या नीट चालतात की नाही हे तपासायचं तिचं काम. पोरीला नोकरी लागली तेव्हा हर्षदाने आळीत पेढे वाटले होते.

"मी तुला आधीच सांगितलं होतं, आई," ओवी पायातल्या चपला काढता काढताच म्हणाली. "भाव होता तेव्हा विकलं असतंस तर आज पुण्यात दोन खोल्या झाल्या असत्या."

"तू आमची का त्यांची?"

"यात आमची-त्यांची काय? आकडा उगाच येत नाही. तुझ्या मनात कुठेतरी असेलच ना?"

"माझ्या मनातलं मला कळणार नाही आणि तुझ्या त्या डबीला कळणार होय? वा गं वा!" हर्षदाने हातातलं उलथनं ओट्यावर आपटलं. "दे, विकून टाक हे घर एकदाचं! नाहीतर आग लाव! मी जाते हिमालयात, तुम्ही बापलेक बसा टॉवरात टाळ कुटत!"

ओवीच्या हातात कंपनीचा फोन होता. त्यावर घराचा कल त्या त्या क्षणाला दिसायचा, तिला तपासणीला लागतो म्हणून. तिने सहज खाली पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"आई, परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. परत म्हण ना."

"आईची टिंगल करतेस? उद्याच्या उद्या विकते बघ हे घर! तुला फुटकी कवडी देणार नाही!"

"सत्त्याण्णव," ओवी पुटपुटली. "त्र्याण्णवाचे सत्त्याण्णव झाले. बाबा, हे बघा."

धनंजय उठून आला, त्याने आकडा बघितला आणि हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसत होता. "अगं, हे तर ही नळाला पाणी आलं नाही की म्हणते. दूध उतू गेलं तरी म्हणते."

ओवी मटकन स्टुलावर बसली. डबी शिकली कुठे, ते तिला ठाऊक होतं. शहरातल्या फ्लॅटमधून. तिथे भिंतीला कान असतात म्हणून माणसं हळू बोलतात आणि तोलून बोलतात. तिथे नवरा बायकोला 'विकून टाकू या का' म्हणाला, म्हणजे तो एजंटला भेटून आलेला असतो. तिथल्या बोलण्यावरून डबी जे शिकली, तेच घेऊन ती पाथरगावच्या भिंतीवर चढली. आणि पाथरगावात तर वैताग तोंडावाटे बाहेर टाकायची रीत. सुतार आळीत दिवसातून चार वेळा कोणीतरी घर विकायला काढतं आणि संध्याकाळी त्याच घराला रंग कोणता द्यायचा ते ठरवतं.

"पेठकरांचा कल किती होता गं?" हर्षदाने एकदम विचारलं. पेठकर म्हणजे समोरचं कुटुंब. मागच्या महिन्यात एका दिवसात सामान भरून गेलं, घर भूछत्रला देऊन.

ओवीने शोधलं. "चार."

"चारच? आणि तेच गेले!"

"ते कधी बोललेच नसतील गं. सगळं ठरवून गप्प राहिले असतील."

"बोलले की. टेम्पोत बसायच्या आधी दारात उभं राहून म्हणाले, येतो हं वहिनी." आणि हर्षदाला ते म्हणता म्हणताच उमगलं. "अगं बाई! डबीला वाटलं, येतायत!"

आता आपल्याकडे निघणारा माणूस कधी जातो म्हणतो का? निघतो तो येतो म्हणतो, आणि जी बाई उठता-बसता जाते म्हणते, ती तिथंच हाडं ठेवते. हे कोणा यंत्राला कोणी सांगितलंच नव्हतं.

इक्बालभाईंचं तर त्याहून नवल निघालं. त्यांच्या दुकानाचा कल हिरवागार होता, म्हणजे दुकान चढतीवर. धंदा तर निम्म्यावर आलेला. ओवीने खोदून खोदून विचारलं तेव्हा कारण सापडलं. इक्बालभाई रोज फळी लावताना नोकराला हाक मारून म्हणायचे, "दुकान वाढवलं का रे?" बंद हा शब्द दुकानदाराच्या तोंडी शोभत नाही. डबीला वाटत होतं, हा माणूस रोजच्या रोज दुकान वाढवतोय.

"मी वाढवतोय कसलं, मी बुडतोय!" इक्बालभाई म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं.

ओवीने सोमवारी वरिष्ठांना कळवलं. उत्तर आलं की मुद्दा रास्त आहे, पुढच्या आवृत्तीत सुधारणा करू. पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी. सुनावणी महिनाअखेरीला. शिवाय, कंपनीचं अंतर्गत काम बाहेर बोलाल तर नोकरी जाईल, हेही गोड शब्दांत त्यात होतं.

"तोवर एकच करा," ओवी फोनवर म्हणाली. "सगळ्यांनी गोड बोला. कल उतरेल."

झालं. सुतार आळी गोड बोलायला लागली. काय सांगू तो आठवडा! "अहो, चहा घेता का?" असं हर्षदाने विचारलं तर धनंजयने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. शेजारच्या रंजनाकाकू सुनेला "बाळ, राहू दे हं, मी घासते" म्हणाल्या, तर सून घाबरून माहेरी फोन करायला लागली. भांडणं खुणांनी होऊ लागली. ज्याला अगदीच अनावर झालं तो ओढ्यापलीकडे जाऊन ओरडून यायचा. आणि आकडा उतरत होता, हं. सत्त्याण्णवाचे नव्वद, नव्वदाचे अठ्ठ्याऐंशी.

पण एके दिवशी दुपारी हर्षदा शिकवणी संपवून आळीत शिरली आणि थबकली. आळीत आवाजच नव्हता. आपल्याच घरात माणसं पाहुण्यासारखी बसली होती. रंजनाकाकू ओट्यावर पदराने डोळे पुसत होत्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "नवऱ्याने औषध घेतलं नाही चार दिवस. ओरडायची चोरी. गोड सांगितलं तर तो ऐकतोय होय?"

हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बास!" ती आळीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, आणि दारं पटापट उघडली. "घर वाचवायला घरातलं बोलणं गहाण टाकायचं? मग त्या वाचलेल्या घरात राहायचं कोणी, पुतळ्यांनी? काकू, जा, घाला त्याला शिव्या! चांगल्या सणसणीत घाला! सुनावणीत मी बघते काय ते."

रंजनाकाकू आत गेल्या. मग जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. औषध मात्र घेतलं गेलं.

सुनावणीला अख्खी आळी गेली. पुनर्रचना कचेरीच्या त्या थंडगार खोलीत देवस्थळी नावाच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. वागायला चांगल्या, पण नियमाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या. भूछत्रच्या वतीने सौमित्र नावाचा तरुण आला होता, इस्त्रीचा सदरा, तोंडात साखर.

"फडतरे मॅडम, तुमच्या घराचा कल पुन्हा सत्त्याण्णव आहे," देवस्थळी म्हणाल्या.

"असेल. माझं उत्तर नाही असं आहे."

"सुनावणीत माणसं वेगळं बोलतात. घरात बोलतात ते खरं, असं नियम मानतो."

सौमित्र पुढे झाला. "ताई, तुम्हीच म्हणत असता ना, विकून टाका म्हणून?"

"म्हणते! उद्याही म्हणीन! पोराला 'मर मेल्या' म्हणणाऱ्या आईला तुम्ही काय खुनाच्या गुन्ह्यात आत टाकणार का?"

खोलीत हशा झाला. देवस्थळीही क्षणभर हसल्या, मग म्हणाल्या, "हे ठीक आहे. पण यंत्र चुकतंय याला काही आधार आहे?"

आधार होता. तो हर्षदाच्या जिभेवर होता. फ्लॅटमध्ये शिकलेली डबी, पेठकरांचे चार, वरिष्ठांचं ते उत्तर. पण ते उघड केलं तर पोरीची नोकरी जाणार. येताना गाडीत तिने स्वतःला बजावलं होतं, घर गेलं तरी चालेल, ओवीचं नाव घ्यायचं नाही. उभ्या जन्मात न केलेली गोष्ट तिने तिथे केली. ती गप्प राहिली.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आधार मी देते," ओवी म्हणाली. ती कधी येऊन बसली होती कोणाला कळलं नव्हतं.

"ओवी, खाली बस!"

"नाही बसणार, आई." पोरीचा आवाज मोठा होता, थेट आईवर गेलेला. आणि तिने सगळं सांगितलं. डबी कुठे शिकली, इथे का चुकते, आणि हे कंपनीला ठाऊक आहे.

"आपण कंपनीत नोकरीला आहात?" सौमित्रने विचारलं.

"आत्तापर्यंत होते."

हर्षदाला एकीकडे तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि दुसरीकडे तिला पोटाशी धरावंसं वाटलं. तिने तिचा हात नुसता घट्ट दाबून धरला.

देवस्थळींनी चष्म्यावरून पाहिलं. "मला पटतंय. पण माझे हात बांधलेले आहेत. कल चुकीचा असू शकतो, अशी नियमात तरतूदच नाही. फक्त एवढंच आहे, की कल उपलब्ध नसेल, तर मालकाला समक्ष विचारावं."

सौमित्र लगबगीने म्हणाला, "आम्ही मार्ग काढतो ना मॅडम. आळीने एक वर्ष घरातलं सगळं बोलणं जसंच्या तसं साठवायला परवानगी द्यावी. तुमची भांडणं आम्हाला द्या, ताई. यंत्र तुमची भाषा शिकेल. तोवर ताबा थांबवू."

लोक एकमेकांकडे बघू लागले. वरवर पाहता बोलणं वाजवी होतं. दोघंतिघं मान डोलवायच्या बेतात होते.

"म्हणजे चूक तुमची आणि शिकवणी माझ्या घरात?" हर्षदा म्हणाली. "अहो, मीही शिकवते. पण शिकणारा माझ्या गाडीत येऊन बसतो. मी कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊन क्लच दाबत नाही." मग ती देवस्थळींकडे वळली. "मॅडम, ते मघाचं परत वाचता का? उपलब्ध नसेल तर, ते."

"कल उपलब्ध नसेल, तर मालकाला समक्ष विचारावं."

"केव्हा उपलब्ध नसेल तर?"

"आदेश निघताना. आदेश सोमवारच्या घरमानावरून निघेल." आणि देवस्थळी बाई समोरचे कागद लावू लागल्या, हर्षदाकडे न बघता. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं खास.

आळी घरी आली तशी धनंजयने हत्यारांची पिशवी उचलली. स्वतःच्या भिंतीवरची डबी त्याने पहिली काढली. मग रंजनाकाकूंची. हे काही फुकट नव्हतं. बिलातली सवलत गेली, दवाखान्यात आता रांगेत उभं राहावं लागणार, आणि हर्षदाला नव्या गाडीसाठी जे कर्ज मंजूर होत आलं होतं, ते कल नसलेल्या घराला मिळणार नव्हतं. तिने जुन्या गाडीच्या टपावर थाप मारली आणि म्हणाली, "चल म्हातारे, अजून काही वर्षं."

इक्बालभाईंच्या दुकानाशी मात्र धनंजय थांबला.

"भाईंची राहू द्या," हर्षदा म्हणाली. "त्यांचा कल हिरवा आहे. त्यावर बँक कर्ज देतेय त्यांना."

इक्बालभाईंनी बाहीने डबीवरची धूळ पुसली. बायकोचं ऑपरेशन पुढ्यात होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी आग्रह केला नाही.

"हिरवा आहे, पण खोटा आहे ना, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "खोट्या गवतावर जनावरसुद्धा चरत नाही. काढा."

ऑपरेशनचं बघू, आळी आहे, असं कोणीतरी मागून म्हणालं. असा दिलेला शब्द तरी आळीने आजवर कधी फिरवलेला नाही.

सोमवारी घरमान आलं तेव्हा नकाशात सुतार आळी पांढरी होती. हिरवी नाही, पिवळी नाही, काहीच नाही. दुपारपर्यंत कुंभार आळीने डब्या काढल्या, मग बाजारपेठेने. पुढच्या घरमानात पाथरगाव सगळंच पांढरं झालं. इथे घराचा भाव काय, हे पुण्यात बसून कोणाला सांगता येईना. ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने घाट ओलांडून यायचं आणि दार वाजवायचं.

आणि तो आलाच. भर दुपारी उन्हातून, इस्त्रीचा सदरा घामाने चिकटलेला, हातात घरांची यादी. सौमित्र. एकेक दार करत तो फडतऱ्यांच्या दारात पोचला.

"बसा, पाणी घ्या," हर्षदा म्हणाली. शत्रू असला तरी तहानलेला होता.

त्याने पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि कागद वर धरला. "नियमाप्रमाणे विचारतो, ताई. तुम्हाला हे घर विकायचं आहे का?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिला विचारत होतं. तिला वाटलं होतं ती ओरडेल, चार शब्द सुनावेल. तसलं काही सुचलंच नाही.

"नाही," ती म्हणाली.

सौमित्रने कागदावर खूण केली आणि निघायला वळला.

"थांबा. घर दोघांचं आहे. त्यांनाही विचारा."

धनंजय ग्रीसने काळे झालेले हात पुसत पडवीतून उठून आला. सौमित्रने त्यालाही तोच प्रश्न केला. आणि त्या क्षणी हर्षदाच्या ध्यानात आलं. तो आकडा आल्यावर आठवडाभर तिने ह्या माणसावर संशय धरला होता, खिडकीतून पाळत ठेवली होती, माझी शपथ म्हणून डाफरली होती. पण घर विकायचंय का, असं सरळ एकदाही विचारलं नव्हतं. डबीने नाही, तसं तिनेही नाही.

धनंजयने सौमित्रकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "हिने विकायचं म्हटलं तरी नाही."

 हर्षदाने पदराचं टोक त्याच्या हातात दिलं, ग्रीस पुसायला, नवी साडी असूनही.

सौमित्रने दुसरी खूण केली, यादीचं पान उलटलं आणि रंजनाकाकूंच्या दाराकडे वळला. तिथेही त्याला विचारावंच लागणार होतं.